भाजीच्या कप्प्यातला हिवाळा

ऋजुताने रॉटरडॅमहून पाच कांदे आणले,
ट्यूलिपचे, तपकिरी सालीचे, शेंड्याला टोकदार.
पाकिटावर थर्मामीटरचं चित्र
आणि एक अट : बारा आठवडे थंडी.
ऐरोलीत, सेक्टर आठला, एवढी थंडी
फक्त आमच्या फ्रिजमध्ये आहे.

तर ऑक्टोबरच्या उकाड्यात
मटारांची पिशवी सारून
मी भाजीच्या कप्प्यात हिवाळा मांडला.
वर चिठ्ठी : हे खायचे कांदे नाहीत.
सासूबाईंनी ती चष्म्याशिवाय वाचली,
म्हणाल्या, मग ठेवलेत कशाला?
सफरचंदं घराबाहेर गेली,
पिकत्या फळाचा वास लागला
तर आतली कळी आतच मरते म्हणे.
नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सात तास वीज गेली.
मी बर्फाचे ट्रे टॉवेलात गुंडाळून
फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसले.

त्याच आठवड्यात नामीबाय आली, गोठिवलीची.
टोपलीत वालाच्या शेंगा,
आणि पदराच्या गाठीतून तिने काढलं
आल्यासारखं काहीतरी, वेडंवाकडं,
मुळांना लोंबणारे मणी.
"भुईचाफा. पूर आनि इसर."
पाणी?
"नको घालूस गो. निजलाय तो."

विसरणं मला जमत नाही.
तेवीस वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात
दर दोन तासांनी पाण्याचा पीएच मोजला,
वहीत आकडा, आकड्यापुढे सही.
काहीच न करणं
हे काम मला कुणी दिलं नव्हतं.
कुंडी ग्रिलखाली, कोपऱ्यात.
यांनी तीत उदबत्तीच्या जळक्या काड्या खोचल्या.
कबुतराने दोन काटक्या ठेवून पाहिल्या.
इस्त्रीवाला म्हणाला, रिकामीच आहे, नेऊ का?
मी नको म्हटलं
आणि कारण सांगता येईना.

जानेवारीत ट्यूलिप लावले.
एक कुजला. एक नुसताच बसून राहिला.
तिघांनी पानं काढली, त्यातल्या एकाला कळी,
बुटकी, पानांतून मान वर निघेना.
एकोणीस फेब्रुवारीला सकाळी उघडली
आणि दुपारी अडीचपर्यंत एवढी उघडली
की पाकळ्या मागे वळून सुटायला आल्या.
सासूबाईंनी गॅलरीत खुर्ची ओढली,
काळी छत्री उघडली
आणि स्वतः उन्हात बसून ती फुलावर धरली.
एवढ्या लांबून आलीय, म्हणाल्या.
चार वाजेपर्यंत हात खाली नाही.

ऋजुताला फोटो पाठवला.
तिचा फोन आला, मागे ट्रामची घंटा.
"आई, इथे हे रस्त्याकडेला उगवतात,
कोणी वळूनसुद्धा बघत नाही."
मी काहीतरी विचारणार होते,
तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली,
आणि तिचीही ट्राम आली.

मार्च सरत आला. सकाळी कपडे वाळत घालताना
पायाशी काहीतरी जांभळं.
पान नाही, दांडा नाही,
उदबत्तीच्या काड्यांमधून थेट मातीतून फूल,
कोणीतरी ठेवून, बेल न वाजवता निघून गेल्यासारखं.
दुपारी ते मलूल झालं.
दुसऱ्या दिवशी बोटभर अंतरावर दुसरं.
हे उकिडवे बसून
एकेक काडी उपटत राहिले,
मध्येच म्हणाले, मला सांगायचं तरी.
सांगितलं होतं.

खालून नामीबाय चालली होती.
मी ग्रिलला तोंड लावून ओरडले, "आलाय!"
तिने टोपलीखालून मान तिरकी केली.
"मंग? जाईल कुठं?"

ट्यूलिप उपसला तर
लसणीच्या पाकळीएवढ्या दोन गाठी उरल्या होत्या.
पाकिटाच्या मते त्या फेकायच्या.
आता पुन्हा ऑक्टोबर आहे, सफरचंदं बाहेर आहेत.
काल कोथिंबीर काढायला कप्पा ओढला,
तर माझ्या जुन्या चिठ्ठीवर काट मारलेली,
खाली सासूबाईंचं थरथरतं अक्षर :
निजलेत.